चुनखडीच्या गावातले प्रयोग : प्रस्तावना

चुन्याच्या निवळीचा प्रयोग मी या पुस्तकात सर्वांत आधी घेतला आहे. शाळेच्या पुस्तकात तो श्वसनाच्या धड्यात येतो, दोन ओळींत उरकतो आणि परीक्षेत एका गुणाला विचारला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या मुलांनी तो एवढ्यावर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या गावाची अर्धी गोष्ट त्या एका ग्लासात मावते.

कृती सोपी आहे. पानटपरीवरचा खायचा चुना चमचाभर घ्यायचा, बरणीभर पाण्यात ढवळायचा, झाकण लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं. त्यात नळीने सावकाश फुंकत राहिलं की पाणी पांढुरकं होत जातं. हा पांढरेपणा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण, म्हणजे चुनखडकच. गावाभोवतीच्या खाणींतून डंपर भरभरून जो दगड निघतो, तो फुफ्फुसातल्या हवेने ग्लासात पुन्हा तयार केलेला असतो. सिमेंट कारखान्याच्या भट्टीत याच्या नेमकं उलट घडतं. चुनखडक ९०० अंशांच्या आसपास तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध दगड १०० किलो असेल तर ५६ किलो चुना मागे उरतो आणि ४४ किलो वायू होऊन हवेत जातो. पुढे माती आणि लोहखनिजासह हा चुना १४५० अंशांपर्यंत भाजला की क्लिंकरच्या गोट्या बनतात आणि त्या थोड्या जिप्समसोबत दळल्या की सिमेंट होतं. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात हे १९८० च्या दशकापासून रात्रंदिवस चालू आहे. भट्टीत जो वायू दगडातून सुटला, तोच मुलाच्या श्वासातून परत चुन्याला भेटतो. हे जिला एकदा दिसलं त्या मुलीला रासायनिक समीकरण पाठ करावं लागत नाही. ती ते लिहून दाखवते.

प्रयोग इथे थांबवायचा नाही. एक वाटी निवळीत दहा-बारा वाट्या पावसाचं पाणी घालायचं आणि आळीपाळीने फुंकत राहायचं. आधी पाणी पांढरं होतं. नेट लावून फुंकत राहिलं तर तो पांढरेपणा हळूहळू विरतो आणि पाणी पुन्हा नितळ दिसू लागतं. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने चुनखडकाचे कण विरघळवून टाकलेले असतात. हेच पाणी पातेल्यात उकळलं की वायू उडून जातो आणि पांढरी साय परत येते, भांड्याच्या बुडाशी बसते. आपल्या गावातल्या प्रत्येक गिझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्याच्या कडेला, कुलरच्या टाकीत ती बसलेली आहे. पाऊस जमिनीत मुरतो, मातीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, चुनखडक थोडाथोडा विरघळवतो आणि बोअरमधून वर येतो. आपण त्याला जड पाणी म्हणतो, साबणाला फेस येत नाही म्हणून चिडतो.

पावसाचं पाणी घ्या असं मी मुद्दाम लिहिलं आहे. त्याऐवजी बोअरचं पाणी घेतलं तर फुंकर न मारताच निवळी गढूळ होते. तीही गंमत करून पाहावी. बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुनखडक निवळीतल्या चुन्याला भेटतो आणि दोघेही घनरूपाने खाली बसतात. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या रसायनशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये जड पाणी हलकं करण्याच्या याच पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. चुना घालून चुना काढायचा, हे ऐकायला उफराटं वाटतं. म्हणूनच ते डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

आता यातला जो भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो, त्याकडे येतो. गावोगावच्या बायकांना कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि कोणत्या पाण्यात ती टणक राहते, हे कुणी सांगावं लागत नाही. नळ आले तरी वरणापुरतं पाणी अमुक विहिरीवरूनच आणणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. कोणी विचारलं तर त्या म्हणत, "त्या पान्यात दाळ मुरत नाही बाप्पा." हे निरीक्षण पक्कं आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात आणि जड पाण्यातला कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतो. चिमूटभर खायचा सोडा टाकला की पेक्टिन सैल पडतं, डाळ लवकर फुटते. म्हणजे रसायनशास्त्र आधीपासून चुलीवरच होतं. त्याला कोणी तसं म्हटलं नव्हतं, एवढंच. दोन सारखी पातेली, मूठमूठ सारखी तूरडाळ, एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं, खाली सारखीच आच: या प्रयोगाला लागणारं सगळं साहित्य घरात असतं, आणि घरातली वडीलधारी बाई त्यात आपोआप मार्गदर्शक होते. मुलाने आजीला शिकवायचं आणि आजीने मुलाला, असं दोन्ही बाजूंनी चालणारं विज्ञान मला हवं आहे.

हा दगड इथे कसा आला, हा त्यापुढचा प्रश्न. चुनखडक म्हणजे जुन्या समुद्राचा तळ, असं सांगितलं की मुलं लगेच शंखशिंपले शोधायला लागतात. गडचांदूरच्या खडकात ते सापडत नाहीत. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा मानतात. त्या काळात समुद्र होता, पण कवच बनवणारा प्राणी अजून जन्माला आलेला नव्हता. दगडात काही न सापडणं हीसुद्धा एक माहिती असते, हे मुलांना समजावून सांगायला यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही. जवळच राजुरा, घुग्घुस, वणी भागात कोळसा आहे, तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा. चुनखडक आणि कोळसा शेजारी शेजारी मिळाले म्हणून इथे सिमेंट आलं, सिमेंट आलं म्हणून वसाहती आल्या, आणि वसाहतींबरोबर देशभरची माणसं आली.

इथून जिवतीच्या पठारावर चढणाऱ्या रस्त्याला सुट्टीत एकदा तरी खिशात लिंबू घेऊन जावं. खालच्या फिकट दगडाची थोडी भुकटी करून लिंबू पिळलं की ती फसफसते. वर माणिकगडाच्या बाजूला दगड काळा होतो, त्याच्या भुकटीवर लिंबू निमूट पडून राहतं. तो ज्वालामुखीचा दगड, दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मध्ये कोट्यवधी वर्षांचा हिशोब गाळलेला आहे, आणि तो आपण एसटीच्या खिडकीतून पार करतो. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे स्फटिक असतात. त्यांतले काही लिंबाने फसफसतात, काही नाही. का, ते शोधण्याचं काम मी वाचकाकडे सोडलं आहे.

लाव्हा येण्याच्या जरा आधीच्या काळात याच जिल्ह्यात डायनोसॉर वावरत होते. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांमध्ये त्यांची हाडं सापडली, आणि त्यांची विष्ठाही दगड होऊन सापडली. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगडी विष्ठेतले सूक्ष्म कण तपासून दाखवलं की त्यात गवताचे अंश आहेत. डायनोसॉरच्या काळात गवत फारसं नव्हतं, अशी तोवरची समजूत होती. ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणाने बदलली. 'सायन्स' या नियतकालिकात तो निबंध आला. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांत याविषयी एक वाक्य तरी बोललं जातं, हा प्रश्न मला फार सलतो.

मराठीत घरगुती विज्ञानाची परंपरा लहान नाही. गो. रा. परांजपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू केलं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि शाळेला न जमलेल्या मुलांनाही हाताने काम करता करता शिकता येतं हे दाखवलं. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून भूमिती उभी केली, पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेत मुलांसाठी कचऱ्यातून खेळण्यांचा केवढा तरी खजिना तयार केला. या सगळ्यांचं ऋण या पुस्तकाच्या पानापानावर आहे. मी त्यांच्या कामात एकच गोष्ट जोडू पाहतो आहे. काडेपेटी आणि स्ट्रॉ कुठेही मिळते, म्हणून ते प्रयोग कुठेही करता येतात. ही त्यांची ताकद आहे. पण जे प्रयोग फक्त याच गावात, याच दगडावर, याच पाण्यात अर्थपूर्ण होतात, ते कोणी बाहेरून येऊन लिहून देणार नाही. ते इथल्याच माणसाला लिहावे लागतील.

तशी वाट शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने दाखवलेली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने अभ्यासगट चालले. गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक एकत्र बसायचे, एक प्रश्न घ्यायचे, माहिती काढायचे, मग निर्णय ग्रामसभा करायची. डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकात आदिवासी बायकांचं झाडांविषयीचं ज्ञान त्यांच्याच मैत्रीच्या नात्यातून आलं आहे. या दोन्ही कामांत माहिती गोळा करणारा आणि माहिती देणारा यांच्यात उंच-सखलपणा नाही. निवळी नावाच्या झाडाचं बी दगडावर उगाळून गढूळ पाण्यात फिरवलं की मातीचे कण एकमेकांना धरून तळाशी बसतात, हे सुश्रुतसंहितेतही आलेलं आहे आणि जंगलाकाठच्या घरांतही माहीत आहे. त्या बियाचा प्रयोग या पुस्तकात आहे, पण सोबत ठळक सूचनाही आहे: पाणी नितळ झालं म्हणजे निर्जंतुक झालं असं नव्हे, ते उकळूनच प्यावं.

प्रयोगांच्या मध्येमध्ये गावच्या गप्पा का, असं हस्तलिखित वाचलेल्या काही मित्रांनी विचारलं. ही टिपणं काढून टाका, प्रयोग सुटसुटीत होतील, असाही सल्ला मिळाला. मी तो मानला नाही, कारण माझ्या अनुभवात प्रश्न गप्पांतूनच निघतात. राजुऱ्याचा हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आजही बाजारात तेलुगू, दखनी, गोंडी, कोलामी आणि आपली इकडची मराठी एकाच भावतोलात ऐकू येते. अशा गावात एकाच गोष्टीचे चार अनुभव भेटतात, आणि दोन अनुभव जुळले नाहीत की चांगला प्रश्न तयार होतो.

कुलरचंच घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा वाळ्याच्या ताट्या ओल्या करून लावलेला कुलर खोली गार करतो. पहिला पाऊस पडला की तोच कुलर, तेच पाणी, तीच मोटर, आणि अंगाला नुसती चिकचिक. ओसरीवर यावरून वाद होतात: मोटर कमजोर झाली, ताट्या सडल्या, पाणीच गरम येतं. दोन साधे थर्मामीटर घ्यावेत, एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळावं आणि दोन्हींवर पंखा सोडावा. ४५ अंशांच्या दुपारी हवेत आर्द्रता पंधरा टक्के असेल तर ओल्या फडक्यातला पारा २४ च्या जवळ उतरतो. कुलरला एकवीस अंशांची मोकळीक मिळते. जूनअखेरीस हवा ३६ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर ओला पारा ३० वर अडकतो. मोकळीक उरली सहा अंशांची. मोटर निर्दोष सुटते. हेच दोन आकडे रोज वहीत लिहिले तर उन्हात काम करणाऱ्या माणसाला कोणता दिवस जास्त धोक्याचा, हेही कळू लागतं. घाम वाळतो म्हणून माणूस तगतो, आणि ओला पारा जितका वर, तितका घाम वाळणं अवघड. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातच असतो, म्हणून मला हे प्रकरण कुलरपुरतं ठेवता आलं नाही.

सावलीचं टिपणही असंच गप्पांतून आलं. "बारा वाजता सावली पायात येते," असं सगळेच म्हणतात. गडचांदुरात ती वर्षातून दोनदाच पूर्ण पायात येते: १८-१९ मेच्या सुमारास आणि पुन्हा २४-२५ जुलैच्या सुमारास. तेही बाराला नाही. मे महिन्यात घड्याळात साधारण बारा वाजून दहा मिनिटं झालेली असतात, जुलैत बारा वीस. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला सव्वातीन अंशांवर आहोत, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर तेरा मिनिटं उशिरा येतो. बाकीचा फरक पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे पडतो. स्टीलचा उभा पेला सपाट फरशीवर ठेवून हे पाहता येतं. जुलैत बहुधा ढग असतात. मेचा दिवस सोडू नये.

आकाशाचं आणखी एक टिपण असंच गप्पांतलं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याला, आकाशातून जळत जाणारा पट्टा पूर्व विदर्भाने पाहिला. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी येऊन पडली. चीनच्या रॉकेटच्या अवशेषांचा तो पुनर्प्रवेश होता, असं तज्ज्ञांनी मानलं. त्या रात्री उल्का, विमान, क्षेपणास्त्र अशा किती गोष्टी गावागावांत बोलल्या गेल्या! पण बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी तो पट्टा कोणत्या दिशेने कुठे गेला, किती वेळ दिसला, किती तुकडे होते, हे नीट सांगितलं. अशी वर्णनं आणि मोबाइलवरचं चित्रीकरण हाच अशा वेळी अभ्यासाचा कच्चा माल असतो. उल्का क्षणार्धात विझते, रॉकेटचे तुकडे संथपणे, रांगेने जळत जातात. पाहणाऱ्याने वेळ मोजला असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

धुळीच्या प्रकरणाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. त्यामुळे गच्चीवर स्टीलचं ताट ठेवून आठवडाभराची धूळ गोळा करावी, ही कल्पना मुलांना लगेच पटते. ती धूळ भिंगाखाली पाहावी, चुंबक फिरवावा, लिंबू पिळावं, ताटाच्या मापावरून दर चौरस मीटरला किती पडली ते काढावं. हे सगळं पुस्तकात आहे. पण धूळ फसफसली म्हणजे ती अमुक ठिकाणाहून आली, असा निष्कर्ष काढू नका, हे मी तिथे बजावून लिहिलं आहे. इथली गिट्टी चुनखडीची आहे, रस्ता चुनखडीचा आहे, जाणारा प्रत्येक ट्रक ती धूळ उडवतो. फसफस सांगते ते इतकंच, की त्यात कार्बोनेट आहे. उगम ठरवायचा तर वाऱ्याची दिशा हवी, अनेक ठिकाणची ताटं हवीत, उन्हाळा-पावसाळ्याची तुलना हवी. घाईने बोट दाखवणाऱ्याचं म्हणणं कोणीही एका वाक्यात खोडून काढतो. वर्षभराची नोंदवही घेऊन ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत उभ्या राहिलेल्या मुलांना तसं परत पाठवता येत नाही. मला त्या मुलांच्या हातात ती वही पाहायची आहे.

काही गोष्टी मात्र घरी तपासता येतच नाहीत, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची आहे पाण्यातलं फ्लोराइड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांच्या भूजलात ते जास्त आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिंबाने, चुन्याने, साबणाने ते ओळखू येत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५, असं भारतीय मानक आहे. याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर डाग येतात आणि पुढे हाडं-सांधे आखडतात. म्हणून ज्या घरातल्या मुलांच्या नव्या, पक्क्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसतात, त्यांनी या पुस्तकातला कोणताही प्रयोग करण्याआधी आपल्या बोअरच्या पाण्याची बाटली भरावी. बाटली प्लास्टिकची, स्वच्छ, त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळलेली. हातपंप काही मिनिटं चालवून मग भरलेली. वर गाव, तारीख आणि स्रोत लिहिलेली चिठ्ठी. ती भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावी आणि आकडा लेखी मागावा. तो येईपर्यंत लहान मुलांना दुसऱ्या स्रोताचं पाणी द्यावं.